‘फॅमिली लाइफ’: घरांतलें बंड आणि इस्पितळांतला उपचार

मुलगा सोळा वर्षांचा झाला म्हणजे त्याच्याशीं मित्राप्रमाणें वागावें, असें जुन्या सुभाषितकारानें सांगून ठेवलें आहे. मुलगी सोळा वर्षांची झाली म्हणजे काय करावें, याविषयीं मात्र तो कांहीं बोलला नाहीं. त्याच्या काळीं तोंवर तिचें लग्न होऊन ती दुसऱ्याच्या घरीं गेलेली असे. विसाव्या शतकांतील शहरांत ती एकोणिसाव्या वर्षीं बापाच्याच घरीं राहते, नोकरीला जाते, रात्रीं उशिरां परत येते, आणि आईनें कारण विचारलें तर उत्तर देत नाहीं. अशा मुलीला आईबाप हट्टी म्हणतात, शेजारी वाईट वळणाची म्हणतात. तिला आजारी ठरविण्याचा अधिकार मात्र एकट्या डॉक्टरचा. आणि तो शब्द एकदां उच्चारला गेला कीं तिच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ बदलतो. काल जो हट्ट होता तो आज लक्षण होतो. हा बदल कसा घडतो तें दाखविणारा एक इंग्रजी बोलपट १९७१ सालीं तयार झाला. त्याचें नांव ‘फॅमिली लाइफ’, म्हणजे साधें कौटुंबिक जीवन. अमेरिकेंत तो ‘वेन्स्डेज् चाइल्ड’ या नांवानें दाखविण्यांत आला. पन्नासांहून अधिक वर्षें लोटल्यावरहि त्यावरचा वाद पुरता मिटलेला नाहीं, आणि तो वाद चित्रपटकलेपेक्षां घराशीं व इस्पितळाशीं अधिक निगडित आहे.

बोलपटाचा दिग्दर्शक केन लोच. १९६९ सालीं त्याचा ‘केस’ प्रसिद्ध झाला होता. कोळशाच्या खाणींच्या मुलुखांतील एक दुर्लक्षित मुलगा आणि त्यानें पाळलेला ससाण्याच्या जातीचा पक्षी यांची ती कथा. ‘फॅमिली लाइफ’ची पटकथा डेव्हिड मर्सर या नाटककारानें लिहिली. मर्सरला स्वतःला तरुणपणीं मानसिक विकलतेंतून जावें लागलें होतें आणि मनोविश्लेषणाचा उपचारहि त्यानें घेतला होता. तेव्हां रोग्याची खुर्ची त्याला पुस्तकांतूनच ठाऊक होती असें नाहीं. हीच कथा त्यानें प्रथम बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीसाठीं ‘इन टू माइंड्स’ या नांवानें लिहिली. तीहि लोचनेंच दिग्दर्शित केली आणि १ मार्च १९६७ रोजीं ती दाखविण्यांत आली. तींत मुलीचें नांव केट आहे, आणि घरच्या मंडळींना प्रश्न विचारणारा डॉक्टर दिसत नाहीं. त्याचा नुसता आवाज ऐकूं येतो. चार वर्षांनीं मोठ्या पडद्यासाठीं कथा नव्यानें बांधतांना केटची जॅनिस झाली, डॉक्टरला चेहरा मिळाला, आणि त्याच्या विरुद्ध बाजूस दुसरा डॉक्टर उभा राहिला.

जॅनिस बेल्डन ही एकोणीस वर्षांची. घर लंडनच्या उपनगरांत, एकासारखें एक अशा घरांच्या ओळींतलें. पुढेंमागें जपून राखलेली लहानशी बाग. बाप कष्टाळू, आई टापटिपीची. मुलीची नोकरी टिकत नाहीं. एक सोडली कीं दुसरी, दुसरी कीं तिसरी. एके दिवशीं ती भुयारी रेल्वेच्या स्थानकावर भांबावलेल्या स्थितींत सांपडते आणि पोलीस तिला घरीं आणून पोहोंचवितात. येथून पुढें ती डॉक्टरांच्या हातीं जाते.

मधल्या काळांत घडलेली गोष्ट ही कीं, तिला दिवस गेले होते. तिला तें मूल हवें होतें. आईबापांनीं तिच्या मागें लागून गर्भपात करविला. इंग्लंडांत गर्भपाताला कायद्याची मोकळीक १९६७ च्या अधिनियमानें मिळाली आणि १९६८ सालीं तो अमलांत आला. स्त्रीच्या हातीं निर्णय यावा म्हणून ज्या सुधारणेसाठीं पुष्कळांनीं खटपट केली, तीच सुधारणा या घरांत मुलीच्या हातून निर्णय काढून घेण्यास उपयोगी पडली. बोलपटांत याचा गाजावाजा नाहीं. चहाच्या पेल्यासमोर बसून चाललेल्या बोलण्यांत तो निर्णय होऊन जातो, आणि बोलपटाचें खरें सामर्थ्य या बोलण्यांतच आहे.

तें बोलणें कोणत्या प्रकारचें, हें नीट पाहिलें पाहिजे. आई ओरडत नाहीं. ती मारीत नाहीं, कोंडून ठेवीत नाहीं, उपाशी ठेवीत नाहीं. मुलीला काय हवें आहे असें ती विचारीत नाहीं. काय हवें आहे तें ती मुलीला सांगते. जॅनिस म्हणते, मूल हवें आहे; आईचें उत्तर असें कीं, तुला खरोखर तसें वाटत नाहीं, तूं दमली आहेस. जॅनिस चिडली तर तिला बरें नाहीं असें ठरतें. ती गप्प राहिली तर आतां ती पूर्वीसारखी गुणी झाली असें ठरतें. हें सारें आई मुलीच्या भल्यासाठींच करते आणि त्या भल्याविषयीं तिच्या मनांत तिळमात्र शंका नाहीं. मुलीला बंड करावयाचें तर कोणाविरुद्ध करावें? समोर शत्रु नाहीं. ज्या हातानें तिचा निर्णय हिरावून घेतला तोच हात रात्रीं पांघरूण सारखें करतो. असें घर ओळखीचें वाटण्यासाठीं लंडनला जाण्याची गरज पडत नाहीं.

घरांत बंडाचा दुसरा एक नमुना आहे. थोरली बहीण बार्बारा लग्न करून, घर सोडून केव्हांच बाहेर पडली आहे. ती आपल्या मुलांना घेऊन रविवारीं जेवावयास येते, आणि पानावरच भांडण पेटतें. जॅनिसचा जीव तुम्हीं गुदमरवीत आहां, हें ती आईबापांच्या तोंडावर सांगते. तिचें म्हणणें स्पष्ट, तर्काला धरून आणि मोठ्या आवाजांतलें आहे. तरीहि तिला कोणी वेडी म्हणत नाहीं, कारण तिला निघून जाण्यासाठीं दुसरें घर आहे. तिचें पाऊल दाराबाहेर पडल्यावर आईबाप आणि जॅनिस हीं तिघेंच टेबलाशीं उरतात. जॅनिसचें बंड असें नीट शब्दांत येत नाहीं. तिचा मित्र टिम हा चित्रकलेच्या नादाचा तरुण. त्याच्या संगतीनें ती एके दिवशीं बापाची बाग निळ्या रंगानें रंगवून टाकते. निळी बाग पाहून प्रेक्षकाला हसूं येतें आणि बापाला रडूं येण्याची वेळ येते. हें वेड कीं खोडी? डॉक्टरच्या टिपणवहींत दोन्हींसाठीं एकच रकाना असेल, तर उत्तर आधींच ठरलेलें आहे.

हीं दृश्यें इतकीं खरीं वाटतात याचें एक कारण लोचची पद्धति. सराईत नटांपेक्षां त्या त्या जीवनांतलींच माणसें निवडावीं, संवाद घोकून घेण्याऐवजीं प्रसंग द्यावा आणि बोलूं द्यावें, अशी त्याची रीत. जॅनिसचें काम करणारी सँडी रॅटक्लिफ हिला एवढी मोठी भूमिका पूर्वीं मिळालेली नव्हती. बाप झालेला बिल डीन हा लिव्हरपूलचा विनोदी कलावंत. आईचें काम करणारी ग्रेस केव्ह ही तर नटी नव्हेच, साधी गृहिणी. धंद्यांतल्या नटीनें या भूमिकेला बहुधा कजागपणाचा रंग दिला असता. या बाईंनीं तो दिला नाहीं. तरुणांना शिस्त राहिली नाहीं, जगाला धरबंध उरला नाहीं, हीं त्यांचीं वाक्यें पाठ केलेलीं वाटत नाहींत, कारण त्या मनापासून बोलत आहेत. पुढें या बोलपटावर आईला खलनायिका केल्याचा आरोप झाला. कथेच्या मांडणीपुरता तो खरा आहे. पण पडद्यावरची बाई पाहतांना तिचा राग येतो तितकीच तिची कींवहि येते.

आतां इस्पितळ. जॅनिस प्रथम डॉ. डोनाल्डसन यांच्या कक्षांत जाते. हें काम करणारा गृहस्थ पेशानेंच मनोविकारांचा डॉक्टर होता, आणि तें त्याच्या ऐकून घेण्याच्या ढबेवरून कळतें. या कक्षांत औषधें जवळजवळ नाहींत, विजेचे झटके नाहींत. रोगी आणि परिचारक एकत्र वर्तुळ करून बसतात, सिगारेटी ओढतात, एकमेकांना प्रश्न विचारतात. डोनाल्डसन आईला आणि बापालाहि वेगवेगळें बोलावून त्यांच्या संसाराविषयीं विचारतात. आईला हें पसंत नाहीं; दुखणें मुलीचें असतां चौकशी आपली कां, असा तिचा प्रश्न आहे, आणि तो अगदींच गैर म्हणतां येणार नाहीं. जॅनिस येथें हळूहळू बोलूं लागते.

हा कक्ष कल्पनेंतला नाहीं. डेव्हिड कूपर या डॉक्टरानें १९६२ ते १९६६ या काळांत लंडनजवळच्या शेन्ली इस्पितळांत ‘व्हिला २१’ नांवाचा असाच कक्ष चालविला होता. १९६५ ते १९७० या काळांत पूर्व लंडनमधील ‘किंग्स्ली हॉल’ या वास्तूंत रोनाल्ड लँग आणि त्याचे सहकारी यांनीं रोगी व डॉक्टर हा भेदच मोडून सर्वांनीं एकत्र राहण्याचा प्रयोग केला. लँग हा ग्लासगोचा. १९६० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘द डिव्हायडेड सेल्फ’ या पुस्तकानें तो गाजला. पुढें १९६४ सालीं ॲरन एस्टरसन याच्यासह त्यानें एक ग्रंथ काढला. त्यांत स्किझोफ्रेनिया हें निदान झालेल्या अकरा स्त्रिया आणि त्यांचीं कुटुंबें यांच्या मुलाखती आहेत. मुलगी म्हणते कीं आईबाप आपल्याविषयीं खुणा करतात. आईबाप म्हणतात, छे, हा तिचा भ्रम. आणि मुलाखत चालू असतांनाच तीं एकमेकांना खुणा करतांना दिसतात, अशा जातीचे प्रसंग त्या पुस्तकांत आहेत. वेडांतील बोलणें घरांतल्या बोलण्याशेजारीं ठेवून पाहिलें तर त्याचा अर्थ लागतो, असें लँगचें प्रतिपादन होतें. मर्सरची पटकथा या प्रतिपादनावर उभी आहे.

डोनाल्डसन यांचा प्रयोग फार दिवस चालत नाहीं. इस्पितळाचें मंडळ त्यांची मुदत वाढवून देत नाहीं आणि जॅनिसची रवानगी दुसऱ्या कक्षांत होते. तेथें मि. कार्सवेल यांची पद्धति आहे: गोळ्या, विजेचे झटके, ठराविक वेळीं ठराविक प्रश्न. हे डॉक्टर क्रूर नाहींत. ते सभ्य, विद्वान, कामांत बुडालेले आहेत. जॅनिस शांत होते, कामाला जाऊं लागते, घरचीं माणसें सुटकेचा निःश्वास सोडतात. मग ती पुन्हां कोसळते. टिम तिला इस्पितळांतून बाहेर काढतो. पोलिसांच्या मदतीनें तिला परत नेण्यांत येतें. त्या काळीं इंग्लंडांत १९५९ चा मानसिक आरोग्याचा अधिनियम लागू होता आणि संमतीवांचून दाखल करून घेण्याची सोय त्यांत होती. कायदा कोठेंहि मोडलेला नाहीं. प्रत्येकानें आपलें काम केलें आहे.

शेवटचें दृश्य व्याख्यानाच्या खोलींतलें. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर जॅनिसला आणून बसविलें आहे. ती बोलत नाहीं, हालत नाहीं. कार्सवेल तिच्या दुखण्याचा इतिहास सांगतात आणि त्यांत असें विधान करतात कीं, या लक्षणांचा रोगिणीच्या परिस्थितीशीं कांहीं उघड संबंध आढळत नाहीं. प्रेक्षकानें तिची परिस्थिति जवळजवळ दोन तास पाहिलेली आहे. विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्यास सांगण्यांत येतें, आणि पडदा काळा होतो.

कलाकृति म्हणून हा शेवट विसरतां येत नाहीं. शास्त्र म्हणून तो कितपत बरोबर, हा प्रश्न वेगळा, आणि सुशिक्षित घरांना त्याचेंच उत्तर अधिक महत्त्वाचें. कारण बोलपटाचें म्हणणें सरळ घेतलें तर त्याचा अर्थ असा होतो कीं, मुलीला वेड लागलें तें आईमुळें. हें म्हणणें एकट्या मर्सरचें नव्हतें. १९४८ सालीं फ्रीडा फ्रॉम-राइशमान या विदुषीनें स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी माता अशी एक कल्पना मांडली. १९५६ सालीं ग्रेगरी बेटसन आणि त्याचे सहकारी यांनीं दुहेरी पेंचाचा सिद्धांत मांडला: आई तोंडानें जवळ ये म्हणते आणि अंगाच्या आविर्भावानें दूर लोटते; मूल काय करील तें चूकच ठरतें. हे सिद्धांत ऐकावयास फार पटणारे होते. त्यांच्या पायीं अगणित माता आयुष्यभर आपल्यालाच दोष देत राहिल्या, आणि डॉक्टरांनींहि तो दोष त्यांच्या पदरांत घातला.

पुरावा मात्र दुसरीकडे जात होता, आणि तो बोलपटाच्या आधींच हातीं आलेला होता. १९६६ सालीं लेनर्ड हेस्टन या अमेरिकन संशोधकानें ऑरेगन राज्यांतील मनोरुग्णालयांत स्किझोफ्रेनिया झालेल्या मातांच्या पोटीं जन्मलेल्या ४७ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. हीं मुलें जन्मानंतर थोड्याच दिवसांत आयांपासून दूर नेऊन दुसरीकडे वाढविलेलीं होतीं. म्हणजे आईच्या बोलण्याचा, वागण्याचा, पेंचांचा त्यांना स्पर्श झाला नव्हता. तरी त्यांपैकीं ५ जणांना मोठेपणीं तोच आजार झाला. तशाच रीतीनें वाढलेल्या, पण आजारी नसलेल्या मातांच्या ५० मुलांपैकीं एकालाहि झाला नाहीं. आजाराची वाट रक्तांतून येते, हें यावरून मान्य करावें लागतें. ती सगळी रक्तांतूनच येते असेंहि नाहीं: एकरूप जुळ्यांपैकीं एकाला स्किझोफ्रेनिया झाला तरी दुसऱ्याला तो निम्म्यांहून कमी वेळां होतो. बाकीची वाट कोठून येते याच्या शोधांत गर्भावस्थेंतील अडचणी, गांजासारखीं व्यसनें, स्थलांतर, बालपणींचे आघात अशा अनेक गोष्टी पुढें आल्या आहेत. आईचा स्वभाव हें त्याचें कारण म्हणून आज कोणताहि जबाबदार डॉक्टर सांगत नाहीं. या बाबतींत बोलपटानें बेल्डनबाईंवर अन्याय केला आहे, हें मान्य केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

तरी कार्सवेल यांचें तें शेवटचें विधान खरें ठरतें असें नाहीं. दुखणें कशानें सुरू होतें आणि तें कशानें पुन्हां पुन्हां उलटतें, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर लंडनमध्येंच शोधलें जात होतें. जॉर्ज ब्राउन हा समाजशास्त्रज्ञ. इस्पितळांतून सुटलेले रोगी आईबापांकडे किंवा पतीपत्नीकडे परतले म्हणजे अधिक वेळां पुन्हां आजारी पडतात, आणि भाड्याच्या खोलींत राहणारे कमी, अशी एक अनपेक्षित गोष्ट त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना १९५८ सालच्या पाहणींत आढळली होती. माया जेथें अधिक तेथें प्रकृति अधिक बिघडावी, हें कोडें होतें. त्यानें घरच्या माणसांच्या लांबलचक मुलाखती घेतल्या, त्या फितीवर नोंदविल्या, आणि माणूस काय म्हणतो याबरोबरच कोणत्या सुरांत म्हणतो तेंहि मोजलें. रोग्याविषयीं टीकेचे उद्गार किती, तिटकारा किती, आणि मर्यादेपलीकडची काळजी व गुंतवणूक किती. १९७२ सालीं त्याचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या मथळ्यांत ‘फॅमिली लाइफ’ हेच शब्द आहेत. १९७६ सालीं क्रिस्टीन व्हॉन आणि जूलियन लेफ यांनीं तीच पाहणी पुढें नेली. मुलाखतींत टीकेचे सहा किंवा अधिक उद्गार निघणाऱ्या, किंवा फार गुंतून गेलेल्या घरांत दुखणें अधिक वेळां उलटतें. आठवड्यांत ३५ तासांहून जास्त वेळ त्या माणसांच्या समोर काढावा लागला तर धोका वाढतो. औषध चालू असलें तर तो बराच उतरतो.

हें वाचून रविवारच्या जेवणाचें दृश्य आठवावें. ब्राउनची ध्वनिफीत आणि लोचचा कॅमेरा एकाच जागीं जाऊन बसले होते. एकानें मोजलें, दुसऱ्यानें ऐकविलें. फरक इतकाच कीं, मोजणाऱ्यानें घराला गुन्हेगार ठरविलें नाहीं. आजारी मुलीबरोबर दिवसरात्र काढणाऱ्या माणसाच्या तोंडून टीका निघते ती पुष्कळदां भीतीची आणि थकव्याची असते, हें त्या संशोधनांतून कळत गेलें. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या चंदीगड येथील पाहणींत हिंदी घरांतून अशी टीका व गुंतवणूक लंडनच्या मानानें कमी आढळली. त्यावर कोणी अभिमानानें मान डोलवण्याचें कारण नाहीं. मोजलेलीं घरें चंदीगडचीं व त्याच्या आसपासच्या खेड्यांतलीं होतीं, मुंबईपुण्याच्या दोन खोल्यांतलीं नव्हेत.

औषधें आणि विजेचे झटके यांच्याविषयींहि बोलपटाचा निकाल एकतर्फी आहे. क्लोरप्रोमॅझिन हें पहिलें उपयुक्त औषध १९५२ सालीं फ्रान्समध्यें वापरांत आलें, आणि जीं माणसें इस्पितळाच्या भिंतींआड आयुष्य काढणार होतीं तीं त्यामुळें घरीं परतूं शकलीं. विजेच्या झटक्यांचा उपचार १९३८ सालीं रोमांत चेर्लेट्टी आणि बीनी यांनीं सुरू केला. प्रारंभीं तो भूल न देतां दिला जाई आणि हाडें मोडण्यापर्यंत मजल जाई; आज तो भूल देऊन आणि स्नायु सैल करून दिला जातो, आणि खोल विषण्णतेंत अन्नपाणी सोडलेल्या रोग्याचा त्यानें जीव वांचल्याचीं उदाहरणें डॉक्टरांना ठाऊक आहेत. तेव्हां झटका म्हणजे छळ, हें समीकरण टिकत नाहीं. जॅनिसच्या बाबतींत आक्षेप यंत्रावर घ्यावयाचा नाहींच. तो तिला कोणी विचारलें नाहीं यावर आहे. कायद्यानें पुढें हाच धागा पकडला. इंग्लंडांत २००७ च्या दुरुस्तीनें, निर्णय घेण्याची कुवत असलेल्या रोग्यानें नकार दिला तर हा उपचार देतां येत नाहीं असें ठरलें; तांतडीच्या प्रसंगापुरता अपवाद ठेवला आहे. भारतांत २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानें भुलीवांचून झटके देण्यास बंदी केली, आणि अठरा वर्षांखालील मुलांना ते पालकांची समजून दिलेली संमति व मंडळाची पूर्वपरवानगी असल्याखेरीज देतां येत नाहींत.

मराठी प्रेक्षकांना याच आजारावरचा दुसरा एक बोलपट आठवेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ २००४ सालीं आला. त्यांतला शेष तरुण आहे, कोंकणांतल्या राईशीं त्याचें मन गुंतलेलें आहे, आणि त्याची बहीण सीना त्याला शहरांत आपल्या घरीं आणते. ‘फॅमिली लाइफ’मध्यें बहीण दार आपटून निघून जाते, येथें ती दार उघडते, आणि आपला संसार ताणला जात असतांहि उघडें ठेवते. औषध शत्रु म्हणून येत नाहीं, डॉक्टर घराशीं बोलतो, आणि घरहि निर्दोष नाहीं. दोन बोलपटांमध्यें तेहतीस वर्षांचें अंतर आहे, आणि त्या अवधींत या दुखण्याविषयीं जें कळलें तें दुसऱ्यांत मुरलेलें दिसतें. लोचच्या बोलपटाइतकी धार मात्र त्याला नाहीं. ती रागांतून येते, आणि ‘देवराई’ रागावलेला बोलपट नाहीं.

जॅनिसला खरोखर स्किझोफ्रेनिया होता कीं नव्हता, याचें उत्तर बोलपट देत नाहीं. भुयारी स्थानकावर भांबावून उभी राहणारी, कामावर न टिकणारी, बाग निळी करणारी एकोणीस वर्षांची मुलगी दुःखी असूं शकते, चिडलेली असूं शकते, किंवा दुखण्याच्या पहिल्या पायरीवर असूं शकते. हीं तिन्ही एकाच वेळीं असणेंहि शक्य आहे, आणि हा आजार बहुधा याच वयांत डोकें वर काढीत असल्यामुळें पहिल्या कांहीं महिन्यांत अनुभवी डॉक्टरलाहि निश्चित सांगतां येत नाहीं. म्हणूनच आतां इंग्लंडांत अशा तरुणांसाठीं वेगळीं पथकें आहेत. तीं निदानाची घाई करीत नाहींत. औषधाबरोबर घरच्यांसहित बैठकी घ्याव्या, त्या तीन महिने ते एक वर्ष या मुदतींत निदान दहा तरी असाव्या, आणि शक्य असेल तर रोग्यानेंहि त्यांत बसावें, अशी तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठीं केलेली शिफारस आहे. या बैठकींत पहिल्या खेपेस घरच्यांना आजाराची माहिती देतात. मग एक साधा पाठ सुरू होतो: दुसऱ्याला काय वाटतें तें आपण सांगूं नये, त्याला विचारावें, आणि उत्तर पुरें होईपर्यंत थांबावें. पुष्कळ घरांना हा पाठ दोन बैठकींत येत नाहीं.